खाचेतली काजळी

विजेवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या आगगाडीची मोटर तपासायला सकाळची वेळ चांगली. खिडकीतून येणारा उजेड तिरपा असतो. त्यात बारीकशी खाचही उठून दिसते. घर अजून बोलायला लागलेलं नसतं. मोटरला काय झालंय ते बहुतेक वेळा आधी कानाला कळतं, डोळ्याला मागून.

टेबलावर जुना पांढरा पंचा अंथरलाय. रंगीत कापड नको, त्यावर पडलेला स्क्रू सापडत नाही. पंच्यावर इंजिन आडवं ठेवलंय. काळं, ओतीव धातूचं, उचललं की वजन जाणवणारं. लायोनेल कंपनीचं, 1950 च्या दशकातलं. आमच्या शेजारच्या आजोबांना ते लहानपणी नाताळात मिळालं होतं. पुढे खोक्यात घालून, वर्तमानपत्रात गुंडाळून ते तळघरात गेलं. परवा नातू मागे लागला म्हणून त्यांनी ते रुळावर ठेवून पाहिलं. इंजिन गुणगुणलं, पण हललं नाही. मोटर जळली असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. तरी ते माझ्याकडे घेऊन आले. आशा सोडली असं म्हणणारा माणूसही वस्तू लगेच टाकून देत नाही. आधी कुणाला तरी दाखवतो.

मी पहिल्यांदा वास घेतला. ही सवय सांगलीची. आमच्या गल्लीत एक वाइंडिंगवाले काका होते. मिक्सर, ड्रिल, पंप, जे बंद पडेल ते त्यांच्या दुकानात यायचं. कुणी मिक्सर आणला की ते आधी तो नाकाशी धरायचे. जळलेल्या वाइंडिंगचा वास एकदा बसला की वर्षानुवर्षं जात नाही. तो आला नाही तर ते म्हणायचे, "वहिनी, घाबरू नका. कार्बन गेले असतील." आणि बहुतेक वेळा तेवढंच असायचं.

मिक्सरची मोटर आणि या इंजिनातली मोटर एकाच कुळातल्या. चौकटीत घट्ट बसवलेली तारेची एक गुंडाळी असते, ती फील्ड. तिच्या कह्यात फिरणारं, तीन दातांचं, तारा गुंडाळलेलं आर्मेचर. दोघांतून वाहणारी वीज एकच. एकातून निघते आणि दुसऱ्यात शिरते. मधल्या तिसऱ्या रुळावरून ती रोलरवाटे आत येते, आपलं काम करते आणि चाकांवाटे बाहेरच्या रुळांत परत जाते. इथे अमेरिकेत घरगुती वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावे घेते. प्रत्येक हेलकाव्यात फील्डचं चुंबकत्व उलटं होतं. पण त्याच क्षणी आर्मेचरचंही उलटं होतं. दोघं एकदम उलटले की ढकलण्याची दिशा तीच राहते. म्हणून गाडी जागच्या जागी थरथरत राहत नाही, पुढे जाते. हे मला फार सुंदर वाटतं. इतकी उलथापालथ आत चालू असते, आणि बाहेर गाडी एका संथ चालीनं खुर्चीखालून निघून जाते.

जोशुआ लायोनेल कोवेन यानं ही कंपनी 1900 मध्ये न्यूयॉर्कमध्ये काढली, तेव्हा त्याच्या डोक्यात खेळणं नव्हतं. दुकानाच्या काचेमागे काहीतरी फिरत राहिलं तर लोक थांबतील, माल बघतील, एवढंच होतं. एका लहान पंख्यासाठी केलेली मोटर त्यानं उघड्या मालडब्याखाली बसवली, असं सांगतात. डबा गोल रुळावर फिरू लागला. लोक थांबले खरे, पण त्यांना डब्यातला माल नको होता, डबाच हवा होता. पुढे कंपनीचा कारखाना इथे न्यू जर्सीत, अर्व्हिंग्टनला उभा राहिला. त्यामुळे आमच्या भागात ही इंजिनं घरोघरच्या तळघरांतून निघतात. ज्या हातांनी त्यांची तार गुंडाळली ते हातही इथलेच.

युद्धाच्या काळात, 1942 मध्ये, सरकारी हुकुमानं खेळण्यांच्या गाड्यांचं उत्पादन थांबलं. कारखान्यात नौदलासाठी होकायंत्रं वगैरे बनू लागली. 1943 च्या नाताळात कंपनीनं पुठ्ठ्याची गाडी विकली. कापून, दुमडून, जोडून करायची. इंजिन, डबे, रूळ, सगळं होतं. फक्त मोटर नव्हती. ती गाडी ज्या मुलांनी जोडली असेल ती गाडीच्या शेजारी बसून काय करत असतील, असा विचार मनात येतो. बहुधा तोंडानं आवाज काढत असतील आणि हातानं ढकलत असतील. मोटर नसेल तर माणूस मोटर होतो.

या इंजिनाला जळका वास नव्हता. शिळ्या तेलाचा होता, धुळीचा होता.

मग चाक बोटानं फिरवून पाहिलं. काही इंजिनांत वर्म गिअर असतो. त्यांची चाकं हातानं फिरत नाहीत आणि फिरवूही नयेत. याचे साधे दातेरी गिअर आहेत, चाक फिरायला हवं होतं. फिरलं, पण फार नाखुशीनं. गिअरवरचं ग्रीस पिवळट आणि घट्ट झालं होतं, नखानं खरवडावं लागेल इतकं. चाकांजवळच्या चुंबकाला लोखंडाचा कीस आणि गालिच्याचे धागे चिकटले होते. 1950 पासून लायोनेलच्या इंजिनांत चाकं चुंबकानं रुळाला धरून ठेवण्याची सोय आली. जो रुळाला धरतो तो चुंबक वाटेतलं बाकीचंही उचलतो. त्या किसात एक टाचणी होती. कुणाच्या तरी शिवणकामातली असेल. ती मी वेगळी काढून ठेवली.

दुरुस्तीत घाई होते ती इथेच. झाकण काढायचं, तारा सोडवायच्या, सगळं सुटं करून टेबलावर मांडायचं, असा हात शिवशिवतो. पण तपासणं हे उघडण्याच्या आधीचं काम आहे. दोष कुठे नाही हे एकेक करून ठरवत जायचं. इंजिन गुणगुणतंय, म्हणजे रोलरपर्यंत वीज पोचतेय. गुणगुण येतेय ती दिशा बदलणाऱ्या यंत्राच्या कॉइलची, म्हणजे ती कॉइलही धड आहे. मग ते यंत्र बाजूला ठेवून ट्रान्सफॉर्मरच्या दोन तारा थेट मोटरला दिल्या, व्होल्टेज अगदी कमी ठेवून. मोटर किंचित हिसका देऊन थांबली. बोटानं चाकाला जरा पुढे ढकललं. पुन्हा हिसका, पुन्हा थांबणं. आता कळलं की दोष मोटरीतच आहे, आणि तो सगळीकडे सारखा नाही. एखाद्या जागी ती चालायला तयार आहे.

दोन स्क्रू काढले की कार्बनची पाटी सुटते. ती सोडवताना वर पंच्याचं टोक धरायचं, कारण आतल्या दोन नाजूक स्प्रिंग उडतात आणि उडाल्या की दिवस त्यांना शोधण्यात जातो. पाटीत दोन नळ्या. प्रत्येक नळीत एक कार्बन, पेन्सिलीच्या तुकड्याएवढा, आणि त्याच्या पाठीशी स्प्रिंग. कार्बन समोरच्या तांब्याच्या तबकडीवर टेकतो. तबकडी फिरत असते, कार्बन जागेवर असतो. फिरत्याला आणि स्थिराला जोडणारं सबंध इंजिनात एवढंच काय ते. तिथे ना सोल्डर, ना स्क्रू. नुसतं टेकणं.

हे टेकणं नेमकं असावं लागतं. शाळेतल्या पाटीवर पेन्सिल धरावी तसं. फार हलकी धरली तर उमटत नाही, फार दाबली तर पाटीही झिजते आणि पेन्सिलही. स्प्रिंग म्हातारी झाली की कार्बन नुसता थडथडतो, ठिणग्या पडतात. स्प्रिंग ताणून लावली तर मोटर आपल्याच ब्रेकवर चालते.

आणि कार्बन मुद्दाम मऊ केलेला असतो. दोघं घासणार आहेत हे ठरलेलंच आहे. मग कुणी झिजायचं? जे सहज बदलता येईल त्यानं. तांबं आर्मेचरला कायमचं जोडलेलं, म्हणून कार्बननं झिजायचं. सांगलीत काकांच्या दुकानात जुन्या कार्बनांचा डबा भरलेला असे. झिजून झिजून नखाएवढे उरलेले तुकडे. ते फेकत नसत. का, ते मी कधी विचारलं नाही.

तबकडी उलटी करून उजेडात धरली. तांबं दिसतच नव्हतं. सगळी काळी. तिचे तीन भाग असतात, मध्ये तीन बारीक खाचा. खाचा दिसत नव्हत्या. त्या भरून गेल्या होत्या.

या खाचांसाठीच मी हे सगळं लिहायला बसले. मोटर तांब्यामुळे चालते असं आपल्याला वाटतं. तांबं लागतंच. पण ती फिरते खाचेमुळे. आर्मेचरच्या एका दाताला फील्ड ओढून घेतं. दात ओढला जातो, जवळ येतो. आता तो समोर पोचला की संपलं, तिथेच चिकटून बसेल. पण पोचायच्या बेतात असतानाच कार्बनखालून तांब्याचा एक तुकडा सरकतो, खाच येते आणि पुढचा तुकडा सुरू होतो. वीज जुनी वाट सोडते, नवी धरते. ओढ पुढच्या दाताकडे जाते. तो पोचायच्या आधी पुन्हा खाच. जोडणं जितकं गरजेचं, तितकंच वेळेवर तोडणं. त्या केसाएवढ्या रिकाम्या जागेवर इंजिन चालतं, त्यामागचे डबे चालतात.

ती जागा भरली कशानं? बाहेरून काही आलेलं नाही. कार्बन झिजत गेला, त्याची भुकटी झाली. कुणीतरी मायेनं तेल घालत गेलं, जरा जास्तच. तेल दांड्यावरून ओघळत तबकडीपर्यंत आलं. भुकटी आणि तेल एकत्र होऊन खाचेत बसलं, वाळलं. कार्बन वीज वाहून नेतो, त्याची काजळीही नेते. मग वीज गुंडाळीचा लांबचा फेरा कशाला घेईल? ती काजळीवरून सरळ पलीकडे जाते. मोटर तापते, पण तिला बळ येत नाही. गाडी बंद पडली ती कुणी आपटल्यामुळे नाही. ती जेवढी चालली, तेवढं चालणंच तिच्या खाचांत साचत गेलं. चालण्याचा गाळ, आणि काळजीचं तेल.

साफ करायला फार काही लागत नाही. कापसाच्या काडीवर स्पिरिट घ्यायचं आणि तांब्यावरून फिरवायचं. काडी काळी झाली की दुसरी. खाचांसाठी दात कोरायची लाकडी काडी. लोखंडी टोक नको, त्यानं तांब्याला ओरखडा पडतो आणि ओरखड्यात पुढची काजळी लवकर धरते. स्टीलवूल तर मुळीच नको. त्याचे तंतू आत राहतात, चुंबक त्यांना सोडत नाही. लाकडाची काडी खाचेतून ओढली की काळा चुरा निघतो. पुन्हा ओढायची. टोक मऊ झालं की मोडून नवं करायचं. इथे वेळ जातो आणि जाऊ द्यावा. हळूहळू तांब्याचा रंग वर येतो. मग तीन सरळ रेषा दिसू लागतात, तबकडीच्या मध्यापासून कडेपर्यंत. त्यांच्यात काहीही नाही हे भिंगातून पाहून खात्री करायची. एरवी काहीही नसणं कुणी भिंगानं तपासत नाही.

मग मीटर. तांब्याच्या तीन तुकड्यांपैकी पहिल्या-दुसऱ्यावर टोकं ठेवायची, मग दुसऱ्या-तिसऱ्यावर, मग तिसऱ्या-पहिल्यावर. आकडा लहान येतो, जेमतेम एक-दोन ओहम. पण आकड्यापेक्षा तिन्ही वेळा तो सारखा येतो का हे महत्त्वाचं. एक वेगळा आला तर त्या गुंडाळीत तार तुटली आहे किंवा आतल्या आत शॉर्ट झाली आहे. मग रिवाइंडिंग, मग ते मोठं काम. शेवटी एक टोक तांब्यावर, एक दांड्यावर. इथे मात्र मीटरनं काहीच दाखवायला नको. दाखवलं तर वाइंडिंग बॉडीला लागलं. या आर्मेचरचे तिन्ही आकडे सारखे आले, आणि दांड्यावर मीटर गप्प राहिलं. इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी गुंडाळलेली तार, तिचा एकही वेढा हललेला नाही. ते काम करणाऱ्या माणसाला हे कधीच कळणार नाही याची मला खंत वाटते.

जुनं ग्रीस काढलं, नवं अगदी थोडं लावलं. दांड्याच्या दोन्ही टोकांना तेल, सुईच्या टोकावर मावेल तेवढंच. कार्बन अजून पुरेसे लांब होते, पुसून परत घातले. पाटी बसवताना कार्बन नळीत बोटानं मागे दाबून धरावे लागतात, नाहीतर तबकडीच्या कडेवर त्यांचे कोपरे तुटतात. स्क्रू फार आवळले नाहीत. चाक बोटानं फिरवलं, या वेळी सहज फिरलं.

तारा लावल्या, व्होल्टेज हळू वाढवलं. मोटर सुरू झाली. सुरुवातीला आवाज खरखरीत, मग एकसारखा. पाटीच्या फटीतून निळसर ठिणग्या दिसत होत्या, आणि ओझोनचा तो तिखट वास आला. हा वास नाकात बसलेली माणसं इथे अजून पुष्कळ आहेत. हे खेळणं मुलग्यांचं मानलेलं. लायोनेलच्या कॅटलॉगांत बहुतेक बाप आणि मुलगाच रुळांशेजारी बसलेले असायचे. मुलींसाठी म्हणून कंपनीनं 1957 मध्ये एक गाडी काढली, तिचं इंजिन गुलाबी होतं. ती फारशी खपली नाही. मला त्याचं नवल वाटत नाही. आगगाडी आवडणाऱ्या मुलीला खऱ्यासारखंच इंजिन हवं असतं, कोळशाच्या रंगाचं. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभारलेल्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात काचेला नाक लावून उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या इंजिनाचा रंग पाहत नव्हत्या. सिग्नल पडल्यावर गाडी थांबते का ते पाहत होत्या.

दिशा बदलणारं यंत्र राहिलं होतं. त्यात एक कॉइल, तिच्या आत वरखाली होणारा दांडा आणि एक छोटा दंडगोल. वीज आली की दांडा वर जातो, वीज गेली की स्वतःच्या वजनानं खाली पडतो. प्रत्येक वेळी दंडगोल एक घर पुढे सरकतो. पुढे, थांब, मागे, थांब. दंडगोलावरच्या तांब्याच्या पट्ट्या फील्ड आणि आर्मेचर यांतल्या एकालाच उलटं करतात, म्हणून गाडी मागे येते. ही युक्ती मुळात ब्रिजपोर्टच्या आयव्हज कंपनीची. ती कंपनी 1928 मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा लायोनेलनं आणि अमेरिकन फ्लायरनं मिळून ती विकत घेतली. आयव्हजच्या गाड्या आज संग्राहकांच्या कपाटात आहेत, तिचा हा दंडगोल मात्र दुसऱ्यांच्या इंजिनांत फिरत राहिला.

या यंत्राची एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. इंजिन टेबलावर उलटं ठेवून तपासलं तर ते चालत नाही. दांड्याला खाली पडायला खाली हवं असतं. चांगलं यंत्र नुसतं उलटं धरल्यामुळे बिघडलेलं वाटतं आणि माणसं ते उघडून बसतात. मी इंजिन सुलटं केलं, रुळाच्या तुकड्यावर ठेवलं, वीज दिली आणि काढली. खट्. पुन्हा दिली. चाकं मागे फिरली.

इंजिनाच्या टपावरचा रंग दोन-तीन जागी उडालाय. आजोबांनी तो लावून द्यायचा का, असं विचारलं होतं. मी नाही म्हणाले. जिथून वीज जाते तिथलं सगळं लख्ख हवं, पण टपावरून वीज जात नाही. तिथे मुलाच्या हाताच्या खुणा आहेत, त्या राहू देत. त्यांना द्यायला एका कागदावर लिहून ठेवलंय: तेल वर्षातून एकदा, थेंबापेक्षा कमी, खाचा दोन-तीन वर्षांनी, काडी लाकडाचीच. नातवाला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलंय.

आता इंजिनामागचा कोळशाचा डबा उघडायचा आहे. शिटी त्यात आहे. तिचीही अशीच एक छोटी मोटर असते, ती पंखा फिरवते आणि पंख्याची हवा शिटीत जाते. शिटीचं बटण दाबलं की ट्रान्सफॉर्मर त्याच रुळांवर थोडी डीसी वीज मिसळतो. ती फक्त डब्यातल्या रिलेला कळते. इंजिन आपल्या चालीनं चालत राहतं. हा रिले चिकटलेला असावा असं वाटतंय. बटण न दाबताही डब्यातून बारीक घरघर येतेय.